आईचं सुडोकू: नुसतं मोठं करून भागत नाहीये, काय करू?

सांजवेळ

नमस्कार मंडळी, मी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

विषय आईचा आहे. वय ७४. पेपरात सुडोकू यायला लागलं तेव्हापासून, म्हणजे २००५-०६ असेल, सकाळचा चहा आणि सुडोकू हे तिचं ठरलेलं, मध्ये कुणी बोललेलं चालत नाही. बाबा होते तेव्हा ते शब्दकोडं सोडवायचे आणि ही सुडोकू, दोन्ही एकाच पानाच्या पाठपोट आले की त्या दिवशी भांडण. दोन वर्षांपूर्वी तिला मॅक्युलर डीजनरेशन निघालं, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग (मॅक्युला) खराब होतो. उजव्या डोळ्यात ओला प्रकार, त्याला इंजेक्शनं चालू आहेत, डाव्यात कोरडा. चालते फिरते, स्वयंपाक करते, मेथी निवडते, पण बरोबर समोर बघायचं म्हटलं की गडबड. तिच्याच शब्दांत सांगायचं तर "मी ज्या घराकडे बघते तेच घर पुसलं जातं गं, शेजारचं मात्र दिसतं."

मी सगळे करतील तेच केलं, कात्रण घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले. कात्रण सात सेंटिमीटरचं, म्हणजे एकेक घर पाऊण सेंटिमीटर, ते ए-थ्री कागदावर जवळजवळ चौपट करून आणलं, मला वाटलं झालं काम. आईने पाच मिनिटं बघितलं आणि "राहू दे, नंतर करते" म्हणाली, ही तिची नाही म्हणायची पद्धत आहे. खोदून विचारलं तेव्हा कळलं की आकडे मोठे झाले पण राखाडी झाले, पेपरचा मळकट रंगसुद्धा मोठा होऊन आला, तीन बाय तीनच्या डब्याची रेघ कुठली आणि आतली कुठली ते कळेना, आणि कागद एवढा की ह्या कडेला बघेपर्यंत त्या कडेला काय होतं ते विसरायला होतं.

तिच्याकडे दिव्याचं भिंग आहे, पत्रं-बित्रं वाचायला वापरते. सुडोकूला म्हणे काही उपयोगाचं नाही. कुणाच्या घरी असं कुणी आहे का, काय करता? मोबाईलवरचं ॲप प्लीज सांगू नका, तिला हातात पेन लागतं.

गोगलगाय

पाठपोट कोडी आणि भांडण!! आमच्याकडे ह्यावर उपाय म्हणून दोन पेपर घ्यायचे :-) बाकी माहिती शून्य, पण वाचतोय.

कोरा_कागद

ताई, माझं काम छपाईचं, त्यामुळे कळवळून सांगतो, कात्रण झेरॉक्स करून मोठं करू नका. पेपरचा कागद मुळात पांढरा नसतो आणि शाई मुळात काळी नसते, शिवाय त्या कागदावर शाई फुटते. म्हणजे कडा फुटलेला करडा आकडा तुम्ही चौपट केलात, दुखणं पण चौपट झालं.

त्यापेक्षा नव्याने टाइप करा. ८१ घरं असली तरी दिलेले आकडे २५-३० च असतात, तीन-चार मिनिटांचं काम. एक्सेलमध्ये नऊ बाय नऊ घ्या, ओळीची उंची ५७ पॉइंट ठेवा. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, ५७ म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर होतात. नऊ ओळींचे १८ सेंटिमीटर, साधा ए-फोर २१ सेंटिमीटर रुंद, दोन्हीकडे दीड-दीड सुटतो, ए-थ्रीचं ओझं नको. आकडा ४० पॉइंट ठळक, त्याची उंची साधारण सेंटिमीटरभर येते, घरात मोकळी जागा राहते. आतल्या रेघा एक पॉइंट आणि डब्याच्या रेघा चांगल्या चार पॉइंट. रंग काळा म्हणजे काळाच, आणि प्रिंटरचं ते शाई वाचवायचं सेटिंग आधी बंद करा, अर्धे लोक तिथे मार खातात.

फॉन्टसाठी ॲटकिन्सन हायपरलेजिबल नावाचा एक आहे, अमेरिकेतल्या ब्रेल इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये काढला, फुकट मिळतो, एकमेकांत गल्लत होणारी अक्षरं आणि आकडे त्यात मुद्दाम वेगळे काढलेत. मूळ फॉन्टात देवनागरी नाही एवढंच.

आणि एकाआड एक डबा फिक्कट करडा भरा, बुद्धिबळाच्या पटासारखा, म्हणजे डबे आपोआप वेगळे दिसतील.

बाकावरचा_म्हातारा

नमस्कार मी बोलून टाइप करतोय त्यामुळे पूर्णविराम स्वल्पविराम मिळणार नाहीत आणि फोन सुडोकू च्या जागी सुट्टी का असं लिहितो ते दुरुस्त करत बसत नाही

माझं वय ६९ काचबिंदू दोन्ही डोळ्यांना आणि माझं उलटं आहे मला मधलं दिसतं कडेचं गेलंय नळीतून बघितल्यासारखं तर सगळे जण मला प्रेमाने मोठ्ठी मोठ्ठी सुट्टी का आणून देतात मुलगा पण सून पण आणि मी काही बोलत नाही पण खरं सांगतो दोन सेंटिमीटरचं घर म्हणजे मला एका नजरेत चार पाच घरं दिसतात बाकीचं अंधारात एक ओळ बघायला मान फिरवावी लागते टेनिसची मॅच बघतोय असं वाटतं मला हवं छोटं सहा सेंटिमीटरमध्ये सगळं पण काळंभोर आणि रेघा स्वच्छ तर ताई तुम्ही आईंना विचारून करा प्रत्येकाचा डोळा वेगळा

सांजवेळ

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कमी दिसतं म्हणजे मोठं करायचं एवढंच माहीत. मुलाला सांगून टाका हो एकदा :-)

चष्मेवाली

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासणारी, लो व्हिजनची (फार कमी दिसणाऱ्यांची) ओपीडी करते, इथे तपासल्याशिवाय सल्ला देत नाही पण कोड्याबद्दल बोलू शकते कारण आमच्याकडे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच.

काका लाख मोलाचं बोलले. नजरेचा परीघ आक्रसला असेल (काचबिंदू, किंवा आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा हा पडद्याचा आजार) तर मोठं केल्यावर कमी मावतं. मधलं गेलं असेल तर मोठं लागतं, पण तिथेही प्रमाणातच. कायद्यातही दोन्ही वेगवेगळं धरलंय, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी ठरवताना चार्टवरचा आकडा वेगळा आणि परीघाचे अंश वेगळे. तेव्हा आईंचे दोन्ही रिपोर्ट घरात असतील ते नीट लावून ठेवा, कामी येतात.

भिंग का चालत नाही: भिंग जितकं जोरदार तितकं त्यातून एका वेळी दिसणारं क्षेत्र कमी. पत्र वाचताना ते चालतं कारण शब्दानंतर शब्द एकाच दिशेने जायचं असतं. सुडोकूत एक आकडा ठरवायला आडवी नऊ घरं, उभी नऊ आणि डब्यातली नऊ एकमेकांशी ताडून बघायची, भिंगाखाली दोनच घरं दिसतात, उरलेली आठवणीत धरावी लागतात. म्हणून डोकं दुखतं, डोळे नाही.

भिंगाऐवजी अंतर कमी करा. कागद ४० सेंटिमीटरवरून २० वर आणला की डोळ्याच्या पडद्यावर आकडा दुप्पट होतो, फुकटात. फक्त त्या अंतराला चष्मा लागतो, २० सेंटिमीटरला साधारण पाच नंबरचा जवळचा, तो डॉक्टरांकडून करून घ्या. डोळ्याला चिकटवून वाचल्याने डोळे बिघडतात ही भीती ह्या वयात सोडायची.

करड्या रंगाला माझा विरोध आहे, कोरा_कागद भाऊ राग मानू नका. ज्यांच्या मॅक्युलाला इजा आहे त्यांचं नुसतं बारीक दिसणं जात नाही, गडद-फिक्यातला फरक ओळखणंही जातं. करड्यावर काळा म्हणजे आपण हाताने फरक कमी करतो. भरायचंच असेल तर अगदी फिक्कट पिवळा, तोही आईंना दाखवून.

आणि मुख्य. त्या "घर पुसलं जातं" म्हणाल्या तेव्हा शेजारचं दिसतं असंही म्हणाल्या, हा उपायच आहे. ज्या घरातलं वाचायचं त्याच्या थोडं वर किंवा बाजूला बघायचं, मग ते घर दिसतं. कुणाला वर बघून जमतं कुणाला डावीकडे, ते शोधून काढायचं आणि सराव करायचा, आम्ही ओपीडीत हेच करून घेतो. सुडोकू त्याला उत्तम आहे कारण चौकट बांधलेली आहे, "एक घर वरचं बघा" असं सांगता येतं.

शेवटचं: रेषा वाकड्या, लाटांसारख्या दिसतात का, आणि हे नवीन आहे का? नवीन असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

दूर_तिकडे

चष्मेवाली, शेवटच्या ओळीसाठी दंडवत. आमच्या बाबांची गोष्ट सांगते (ते नाशिकला, मी इंग्लंडात लेस्टरला). बाबांना सुडोकूच्या रेषा वाकड्या दिसायला लागल्या. त्यांनी काय करावं? पेपरवाल्याला झापलं की छपाई बिघडलीय, आणि पेपर बदलला. नव्या पेपरातही रेषा वाकड्या. मग म्हणे हल्ली सगळ्यांचीच छपाई बिघडलीय, स्वस्तातल्या मशीन आणल्यात. दीड महिना गेला. दिवाळीत मी आले तेव्हा सहज एक डोळा झाकून बघा म्हटलं तर एका डोळ्याने सरळ आणि दुसऱ्याने वाकड्या. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो त्यामुळे लक्षातच येत नाही नीट.

नंतर डॉक्टरांनी जो चौकटींचा कागद दिला तो बघून बाबा म्हणाले हे तर रिकामं सुडोकू आहे!

चष्मेवाली

ॲम्सलर ग्रिड. स्विस डॉक्टर होते मार्क ॲम्सलर त्यांच्या नावाचा. दहा सेंटिमीटरचा चौकोन, पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटी, मध्ये ठिपका. वाचायचा चष्मा लावून साधारण ३० सेंटिमीटरवर धरायचा, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा डोळा. रेघ वाकली, चौकट गायब झाली की फोन करायचा. रोज सुडोकू सोडवणारा माणूस नकळत ही तपासणी करतच असतो, फक्त दोष छपाईला देतो.

सांजवेळ

आईलाही सुरुवातीला तसंच झालं होतं, दरवाजाची चौकट वाकडी दिसते म्हणून तिने सुताराला बोलावलं होतं. सुतार बिचारा ओळंबा लावून दाखवत होता की सरळ आहे. आता माहीत आहे, ग्रिड फ्रिजवर चिकटवलाय.

बरं प्रगती सांगते. कोरा_कागद ह्यांच्या मापाने टाइप केलं, करडं भरलं नाही. पहिल्यांदाच तिने स्वतः खुर्ची पुढे ओढली. पण एक मूर्खपणा केला मी. म्हटलं रोज कशाला छापा, रिकामी चौकट लॅमिनेट करू, व्हाईटबोर्डचं मार्कर वापरू, पुसू. झालं काय की वरची ट्यूबलाईट त्यात चकाकते, बरोबर मधल्या डब्यात पांढरा पट्टा. आई म्हणते, "आधी डोळ्यात डाग, आता कागदावर पण आणलास."

दुसरं आकड्यांचं. पेपरात इंग्रजी आकडे असतात. आई मराठी शाळेतली, मला वाटलं देवनागरी केले तर सोपं जाईल. मग घरीच एक प्रयोग केला, पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर इंग्रजी नऊ आणि देवनागरी नऊ आकडे छापून पिसून एकेक दाखवले, वही घेऊन चुका लिहिल्या. इंग्रजीत तीन-आठ, सहा-आठ, पाच-सहा अशी गल्लत. देवनागरीत १ आणि ९ मध्ये जबरदस्त गोंधळ, आणि ३ ला ६ म्हणाली दोनदा, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमाच आहेत त्या. म्हणजे कुठलीच लिपी निर्दोष नाही, आता काय?

गोगलगाय

मिक्स करा.

सांजवेळ

म्हणजे?

गोगलगाय

म्हणजे सुडोकूला काय फरक पडतो हो, त्यात बेरीज वजाबाकी काहीच नाही, नऊ वेगवेगळी चिन्हं हवीत बस्स. नावाचा अर्थच मुळी आकडे एकेकटे, म्हणजे जपानीत अविवाहित म्हणतात म्हणे. कोडं मात्र जपानी नाही, १९७९ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं, हॉवर्ड गार्न्स नावाच्या आर्किटेक्टने केलेलं, जपानात ते १९८४ ला गेलं आणि तिथे बारसं झालं. तर एक इंग्रजी घ्या, सरळ उभी काठी, ९ शी काय गल्लत होणार? बाकी देवनागरी.

कोरा_कागद

एकाच चौकटीत दोन लिप्या??? छपाईवाल्याच्या काळजात कळ आली राव. पण कल्पना बरोबर आहे :-) ३ आणि ६ साठी फॉन्ट बदलून बघा, काही देवनागरी फॉन्टात ६ ची शेपटी खाली लांब ओढलेली असते. आणि देवनागरी आकडे त्याच पॉइंटला बरेचदा बुटके येतात, ४० चे ४८ करा.

करड्याबद्दल चष्मेवालींचं मान्य. मी माझ्या डोळ्याने बघून बोललो.

चष्मेवाली

चकाकीवर: दिवा वर नको, बाजूला. ज्या डोळ्याने जास्त दिसतं त्या बाजूने, खांद्याच्या पातळीला, मान वाकवता येईल असा टेबललॅम्प, कागदाच्या जवळ. लिहिणाऱ्या हाताची सावली पडत असेल तर बाजू बदला. गुळगुळीत कागद, लॅमिनेशन, काचेचं टेबल सगळं बाद. कागद आडवा ठेवू नका, तिरका उभा ठेवा, पोथी वाचायचं लाकडी स्टँड असतं ते फार छान चालतं, मान आखडत नाही आणि २० सेंटिमीटरवर आणता येतं.

ओळ चुकत असेल तर काळ्या कार्डशीटला एका ओळीची लांब खिडकी कापा, १८ बाय २ सेंटिमीटर. ती ठेवली की फक्त एकच ओळ दिसते, बाकी पांढऱ्याचा झगझगाटही झाकला जातो. तीच उभी फिरवली की स्तंभ.

शेवगा

मंडळी उशिरा आलो, पण माझं ऐकाच. मावशी सांगलीला, साखरेमुळे डोळे गेलेत, आणि तिचं रोजचं दिसणं वेगळं, साखर वरखाली झाली की सकाळी जे दिसतं ते संध्याकाळी दिसत नाही. कागदावरचं एक माप ठरवून काय करणार? म्हणून मी पट केला. प्लायवूडचा तुकडा ३६ बाय ३६ सेंटिमीटर, काळा फळ्याचा रंग, चार-चार सेंटिमीटरच्या चौकटी पांढऱ्या रंगाने, डब्यांच्या रेघांवर सुतळी चिकटवली म्हणजे बोटालाही कळतं.

आकडे कुठून आणले सांगा? जुनं भिंतीवरचं कॅलेंडर! मोठे ठसठशीत आकडे असतात ना तारखांचे. बारा महिने म्हणजे १ ते ९ प्रत्येक आकडा बारा वेळा, आपल्याला लागतात नऊ, तीन-तीन हरवले तरी चालतात. कापून पाण्याच्या बाटलीच्या झाकणांवर चिकटवले, झाकण तीनेक सेंटिमीटरचं, घरात आरामात बसतं. झाकणं गोळा करायला दोन लग्नं लागली, पंगतीत बाटल्या गोळा करत फिरणारा माणूस म्हणून बदनाम झालो ते वेगळं.

कोड्यात दिलेला आकडा आणि आपण ठेवलेला ह्यात फरक कळायला पाहिजे, तर दिलेल्याच्या खाली आणखी एक झाकण, म्हणजे तो उंच. हात फिरवला की कळतं हा हलवायचा नाही. चूक झाली तर खोडाखोड नाही, उचलायचं.

एकच अडचण झाली, रविवारच्या तारखा लाल. मावशी पहिल्या दिवशी विचारते, "हे लाल कशाला रे, ह्यांना सुट्टी आहे का?"

बाकावरचा_म्हातारा

लाल आकड्यांना सुट्टी वा वा इथे फोनने बरोब्बर सुट्टी लिहिलं

दूर_तिकडे

शेवगा, हे फोटो टाका हो!

इकडे मोठ्या अक्षरातली कोड्यांची पुस्तकं मिळतात, पानाला एकच कोडं, तारेचं बाइंडिंग, पान पूर्ण उलटं दुमडता येतं. बाबांना दोन पाठवली. बाइंडिंगचा मुद्दा लिहून ठेवा, साधं चिकटवलेलं पुस्तक मध्ये फुगतं आणि डावीकडचा स्तंभ खोबणीत जातो, आधीच दिसत नाही त्यात पान वाकडं.

पण त्या पुस्तकांत एक खोट आहे, दिलेले आकडे मोठे केलेत पण घरं बेताची, मग संभाव्य आकडे कोपऱ्यात बारीक लिहायचे ते कुठे लिहायचे? बाबा लिहू शकत नाहीत आणि लिहिलं तर वाचू शकत नाहीत. तुम्ही लोक काय करता?

सांजवेळ

हाच माझा पुढचा प्रश्न होता! आई आधी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहायची.

चष्मेवाली

आकड्याऐवजी ठिपका. घराचे मनातल्या मनात नऊ भाग करा, फोनच्या बटणांसारखे: वर डावीकडे १, मधोमध ५, खाली उजवीकडे ९. तिथे जाड पेनने ठिपका दिला की तो आकडा तिथे शक्य आहे. आकडा वाचायचा नाहीच, जागा बघायची. दोन सेंटिमीटरच्या घरात जमतं. त्याहून लहान असेल तर नको.

बाकावरचा_म्हातारा

मी ठिपके पण देत नाही मी काय करतो एक आकडा धरायचा समजा ७ आणि सगळ्या पटावर फक्त ७ शोधायचे कुठे आहेत आणि कुठे बसू शकतात मग ८ असं नऊ वेळा फिरायचं माझ्यासारख्याला एका वेळी एकच गोष्ट शोधायची असली की नळीतून पण जमतं सोपी आणि मध्यम कोडी अशीच सुटतात अवघड सुटत नाहीत तर नाही सुटत मी काय परीक्षेला बसलोय का

आणि बायको वाचून दाखवते ओळीला क ख ग घ आणि घराला नंबर म्हणजे ग चार मध्ये सात असं चाळीस वर्षांत एवढं बोललो नव्हतो आम्ही

गोगलगाय

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा कुणीतरी.

दूर_तिकडे

काका __/\__

ठिपक्यांची आयडिया आजच बाबांना फोनवर सांगितली. काकुरोचं (ते बेरजांचं कोडं) काही करता येईल का? त्यांना तेही आवडतं.

कोरा_कागद

काकुरो अवघड आहे. काळ्या घरात तिरकी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्यात दोन बारक्या बेरजा, म्हणजे कमी दिसणाऱ्याला छळायला जे जे लागतं ते सगळं एका घरात. मी एका ओळखीच्यांसाठी बेरजा चौकटीतून बाहेरच काढल्या होत्या. काळ्या घरात फक्त एक मोठं अक्षर, क, ख, ग, आणि शेजारच्या कागदावर यादी: "क आडवा १७, उभा २३". दोन कागदांत येरझारा होते पण निदान वाचता येतं. केनकेन ह्या दुसऱ्या आकडेमोडीच्या कोड्यातल्या कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांनाही हाच उपाय. सुडोकूइतकं सुबक मात्र होत नाही, उगाच आशा लावत नाही.

सांजवेळ

आज बरंच लिहायचंय.

पोथीचं स्टँड माळ्यावर होतं, आजीचं, ते काढलं. लॅम्प डावीकडे. खिडकीवालं कार्ड आईने एक दिवस वापरलं आणि मग बाजूला ठेवलं, म्हणते गुदमरल्यासारखं होतं. असो. पिवळं भरलेलं आणि न भरलेलं असे दोन कागद ठेवले तर तिने न भरलेलं उचललं. एक इंग्रजी आणि बाकी देवनागरी हे मात्र एका दिवसात पचलं, मीच अजून अडखळते. ६ चा लांब शेपटीचा फॉन्ट मिळाला. पेन बदललं, बॉलपेनच्या जागी काळं स्केचपेन, त्यासाठी कागद जरा जाड घेतला नाहीतर मागे फुटतं.

लहानपणी ती माझ्या डोक्यात टपली मारायची, पुस्तक डोळ्याला चिकटवू नकोस म्हणून. आता मी तिच्या मागे उभी राहून म्हणते अजून जवळ घे, अजून जवळ. तिला ह्याची इतकी मजा वाटते की मुद्दाम लांब धरते.

चष्मेवाली, एक विचारायचं होतं. वर बघून खालचं घर वाचायचं तिला जमायला लागलंय. पण परवा हळूच म्हणाली की रिकाम्या भिंतीवर कधीकधी जाळी दिसते, विटांसारखी, नक्षी पण. मला सांगायला घाबरत होती, वेड लागतंय असं वाटलं तिला. सुडोकू जास्त झालं का?

चष्मेवाली

सुडोकूचा काही संबंध नाही, आणि वेडाचा तर नाहीच. नजर कमी झाली की मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो, जाळ्या, नक्षी, कधी माणसंही दिसतात. चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. त्या बॉने साहेबांनी स्वतःच्या आजोबांना असं दिसायचं ते १७६० मध्ये लिहून ठेवलं, आजोबांची नजर गेली होती पण डोकं ठणठणीत होतं. दिसतंय ते खरं नाही हे आईंना कळतंय ना? मग आधी त्यांना हे नाव सांगा, नुसत्या नावानेच निम्मी भीती जाते. पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणजे दुसरं काही नाही ना तेही बघतील.

सांजवेळ

सांगितलं. "म्हणजे मला फुकट सुडोकू दिसतं होय" म्हणाली. गाडी रुळावर आहे.

आणि आता खरी बातमी. काल संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर आई दारातच, हातात कागद. "तिसऱ्या ओळीत पाच दोनदा टाकलायस. दोन तास घालवले मी. मला वाटलं माझे डोळे." मी बघितलं तर खरंच, टाइप करताना माझ्याकडूनच एक ५ जास्तीचा पडला होता. आता ती म्हणते कोडं छापायच्या आधी मला वाचून दाखवायचं, काकांच्या पद्धतीने, क एक, क दोन. म्हणजे सकाळच्या चहाला बोलायचं नाही हा नियम आता राहिलेला नाही.

कोरा_कागद

हाहा, प्रूफरीडर मिळाला तुम्हाला! शीटमध्ये एक नियम लावून देतो, एका ओळीत, स्तंभात किंवा डब्यात आकडा दुबार आला की घर लाल होईल, छापायच्या आधीच कळेल. फाइल इथे टाकतो, दोन सेंटिमीटरच्या घरांची. काका, तुमच्यासाठी छोटी पण करतो, आठ सेंटिमीटरची चालेल का?

बाकावरचा_म्हातारा

आठ नको सहा आणि रेघ बारीक नको आणि मुलाला पाठवायची कशी ते पण सांगा तो मोठी छापून आणेल पुन्हा